चादरीखालचा फ्रिज

"आंटी, थोडी पुरानी साडी है क्या? ये बहुत नई लग रही है."

माझ्या आईला हे विचारलं गेलं. तिच्याच घरात. घाटकोपरला, डोंगरावरच्या आमच्या खोलीत, माझ्याच वर्गातल्या मुलीकडून.

आईनं त्या दिवशी हाफ डे टाकला होता. पवईच्या एका ऑफिसात ती हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे, सुट्टी सहजासहजी मिळत नाही. लेकीच्या कॉलेजचे लोक शूटिंगला येणार म्हणून तिनं मावशीच्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती, पावडर लावली होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पडद्यामागे गेली. भांडी घासताना नेसते ती विटकी साडी नेसून आली.

मग रियाला फ्रिज दिसला. साडी बदलायला लावणारी तीच, आमच्या ग्रुपची डिरेक्टर. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ग्रुपनं डॉक्युमेंटरी करायची होती. 'शहरातली गरिबी' हा विषय तिनं निवडला. घर माझं निवडलं. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, म्हटलं एकदाचं कळेल यांना आम्ही कसे राहतो. पण आम्ही कसे राहतो हे ते आधीच ठरवून आले होते. फ्रिज झाका. टीव्ही झाका. मिक्सर खाली ठेवा. भिंतीवरचा बुद्ध राहू द्या, छान दिसतो.

त्या फ्रिजसाठी आई कित्येक रविवार कामावर गेली होती. चादर तिनंच काढून दिली. मी अडवायला गेले तर हळूच म्हणाली, "राहू दे गं. तुझ्या मार्कांचा प्रश्न आहे."

तिनं केलेले पोहे कोणी खाल्ले नाहीत. सगळ्यांचीच पोटं भरलेली होती. पाणीसुद्धा ते घरून घेऊन आले होते.

पण कॅमेऱ्यासमोर आई बोलली. झकास बोलली. गल्लीतल्या बायका जमवून पाण्याची लाईन कशी आणली ते तिनं सांगितलं. वॉर्ड ऑफिसात साहेबाच्या टेबलावर रिकामे हंडे कसे मांडले, साहेब मागच्या दारानं कसा सटकला, सगळं. सांगता सांगता तिला हसू आवरेना. मी कॅमेऱ्यामागे उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की साडीचं नि फ्रिजचं मी विसरूनही गेले.

फिल्म वर्गात दाखवली. एसी लावलेला, पडदे ओढलेले. फिल्मला मागे बासरी. आई दिसली, दाराच्या चौकटीला टेकून बसलेली, दमलेली. कॅमेरा लावून होईपर्यंत ती वाट बघत होती तेव्हाचा तो शॉट. कॅमेरा चालू आहे हे तिला माहीतही नव्हतं. वर रियाचा इंग्रजीतला आवाज, या बाईनं आता स्वप्न बघणंही सोडून दिलंय. पाण्याची लाईन नाही. हंडे नाहीत. हसणं नाही. अख्ख्या फिल्ममध्ये माझी आई एक शब्द बोलत नाही.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "व्हेरी रिअल," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू बोल ना. तुझं तर हे जगणं आहे. तुझं दुःख शेअर कर सगळ्यांशी."

सगळ्यांनी खुर्च्या माझ्याकडे वळवल्या. तोंडं आधीच हळहळीची करून ठेवलेली. दोन वर्षं हीच पोरं मला म्हणायची, तू वहाँ की लगती नहीं यार, आणि मी थँक्यू म्हणायचे. मला शिसारी आली. त्या ओल्या डोळ्यांची, त्या टाळ्यांची, माझ्या थँक्यूची.

"घरात फ्रिज आहे," मी म्हणाले. "चादरीखाली. माझी आई सुपरवायझर आहे. तिला बोलता येतं. ही फिल्म कुठेही दाखवायची नाही."

रिया रडायला लागली. सगळे उठून तिच्याभोवती जमले. कोणी रुमाल दिला, कोणी पाणी. जिच्या आईचं बोलणं कापलं ती मी, आणि सांत्वन तिचं. सर म्हणाले, फिल्म फेस्टिव्हलला जायची आहे, हवं तर चेहरा धूसर करू. शिवाय मार्क ग्रुपचे आहेत, तुझंच नुकसान होईल.

"मला शून्य द्या," मी म्हणाले.

त्यांनी खरंच दिलं. मी प्रिन्सिपॉलकडे तक्रार केली, तेव्हा कुठे फिल्ममधून आईचे शॉट काढून टाकले. आठवड्याच्या आत त्यांना दुसऱ्या वस्तीतली दुसरी बाई मिळाली. तीही दारातच बसलेली. तीही गप्प. फेस्टिव्हलला त्यांना बक्षीस मिळालं. मला केटी लागली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा.

आईनं एकदाच विचारलं, "माझं बोलणं ठेवलं का गं त्यांनी?" मी नाही म्हटलं. ती भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मग बोलायला कशाला लावलं?"

सुट्टीभर मी कोर्स सोडायचाच विचार करत होते. बाहेरून बीकॉम करायचं, मालाडच्या कॉल सेंटरला लागायचं, कॉलेजच्या कॅन्टीनचं तोंड बघायचं नाही. तिसऱ्या वर्षाला जाहिरात किंवा पत्रकारिता निवडावी लागते. सरांनी प्रेमानं समजावलं की जाहिरात घे, पत्रकारितेला गेंड्याची कातडी लागते, तू फार मनाला लावून घेतेस.

मी पत्रकारिता घेतली. कॅन्टीनमध्ये आता एकटी बसते, डब्यात सुकट असली तरी उघडते. नाकं मुरडतात. मुरडू देत.

केटीचा प्रोजेक्ट एकटीनं करायचा आहे. विषय सांगायला गेले. आमचं कॉलेज, म्हटलं. इथं आडनाव कोण विचारतं आणि ऐकल्यावर गप्प का होतं. कोणाला मेरिट विचारतात आणि कोणाला सुट्टीत कुठे फिरायला गेलास ते विचारतात. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "कोणी बोलणार नाही तुझ्याशी."

बोलतील. त्यांना स्वतःबद्दल बोलायला फार आवडतं. मी समोर बसेन, कॅमेरा लावेन, चालू आहे हे आधी सांगेन. साडी बदलायला सांगणार नाही. काही झाकणार नाही. मागे बासरी लावणार नाही. आणि त्यांचं एकही वाक्य कापणार नाही. जे बोलतील ते सगळं ठेवणार, जसंच्या तसं. त्यांच्याच आवाजात.