आदिलाबाद साडेतीन किलोमीटर लांब कसं गेलं

माझ्या एका सल्ल्यामुळं आदिलाबाद माझ्या सासुरवाडीपासून साडेतीन किलोमीटर लांब गेलं. सरकारी नकाशात याची नोंद झालेली नाही.

सासुरवाडी जैनथजवळ. कापूस, सोयाबीन आणि जावयाबद्दलचा आदर ही तिथली मुख्य पिकं! त्यात मी आदिलाबादच्या एका कॉलेजात गणित शिकवतो, म्हणजे तिसऱ्या पिकाला खतपाणीही भरपूर. गेल्या बारा वर्षांत त्या घरात माझं एकही वाक्य कुणी खोडलेलं नव्हतं. (एकदा मी हौसेनं चहा केला आणि साखरेऐवजी मीठ टाकलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कप संपवला आणि म्हणाले, "घशाले बरं वाटलं.") अशा घरात माणूस बिघडायला वेळ लागत नाही.

माझा मेहुणा भास्कर चौतीस वर्षांचा, कष्टाळू, निर्व्यसनी आणि बिनलग्नाचा. शेती करायची आणि उरलेल्या वेळात जुनी पिकअप चालवून लोकांचा कापूस जिनिंगला पोचवायचा, हा त्याचा उद्योग. पण नोकरी नसलेल्या मुलाला मुलगी द्यायला कुणी तयार होईना. सात नकार आले होते. त्यातला सातवा तर आम्ही विचारायच्या आधीच आला! शेवटी बेज्जूरकडचं एक स्थळ निघालं. मुलीच्या काकांनी फोनवर पगार विचारला नाही, म्हणून सासूबाईंनी लगेच देवापुढं साखर ठेवली. काकांनी विचारलं ते वेगळंच.

"पोराची गाडी मायलेज किती देते?"

"अकरा," भास्कर म्हणाला.

फोन कटला की काय म्हणून भास्करनं दोनदा फोन कानापासून काढून पाहिला.

"अकरा म्हंजे कमीच झाले जी," काका अखेर बोलले. "बरं, पंधरा दिवसानं पोरगी पाहाले या. मंग पाहू."

ते 'मंग पाहू' भास्करच्या जिवाला लागलं. त्या रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "भाऊजी, या अकराच्या पायी मी बिनलग्नाचाच राहतो बहुतेक."

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी सल्ला देतो.

"भास्कर, हौसिंग बदल."

पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर एक लोखंडी गोळा असतो, त्याला आमच्याकडं हौसिंग म्हणतात. त्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात, एक छोटं आणि एक मोठं. भास्करच्या गाडीत छोट्याला नऊ दात होते आणि मोठ्याला एक्केचाळीस, म्हणून मिस्त्रीच्या भाषेत ती 'नऊ-एक्केचाळीस'. मी म्हटलं, आठ-त्रेचाळीस टाकू.

"काऊन?" सुनंदानं विचारलं. सुनंदा माझी बायको. (जावयाला प्रश्न विचारायचा नाही हा नियम तिला लागू नाही, कारण मी तिचा जावई नाही.)

"सायकल आठव," मी बोटांनी हवेत चक्र्या काढल्या. "पुढची चक्री मोठी आणि मागची लहान असली की एका पायडलात सायकल लांब जाते. इथंही तेच. मोठं आणखी मोठं करायचं, लहान आणखी लहान करायचं. एक्केचाळीस भागिले नऊ, साडेचार. त्रेचाळीस भागिले आठ, सव्वापाचाच्या वर. आता सांगा, जास्त कोणतं?"

"सव्वापाच!" मामाजी, सासूबाई आणि भास्कर एकदम म्हणाले. वर्गात मला असा प्रतिसाद कधीच मिळत नाही.

(सायकलची मोठी चक्री लहानीला फिरवते, आणि गाडीत लहान चाक मोठ्याला फिरवतं, म्हणजे सगळा मामला उलटा, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता कळलं. म्हणजे त्या रविवारच्या माझ्यापेक्षा तुम्ही हुशार आहात.)

आदिलाबादच्या मिस्त्रीनं चिठ्ठीवरचे आकडे वाचले आणि हात पुसत विचारलं, "सर, ये तो पहाडी लोड का माल है. एवरेज कम हो जाता. आपकू इसका उल्टा होना ना?"

"मी गणित शिकवतो," मी म्हणालो.

"फिर तो ठीक है," म्हणत तो गाडीखाली शिरला.

आठवडाभर गाडी फिरली. टाकी फुल्ल केली होती, परत फुल्ल केली, मीटरवरचे किलोमीटर घेतले आणि मी जातीनं भागाकार केला. बारा! अकराचे बारा! सासूबाईंनी शिरा केला. मी स्वतः काकांना फोन लावून बारा कळवले, आणि या वेळी पलीकडून "वा!" आलं. भास्करनं त्याच दिवशी जाऊन नवा शर्ट शिवायला टाकला.

फक्त दोन-तीन किरकोळ गोष्टी खटकत होत्या.

"भाऊजी," भास्कर एकदा संकोचानं म्हणाला, "आपल्या घरून आदिलाबाद वीस होतं ना? मीटर साडेतेवीस दाखवून राह्यलं."

मी क्षणभर विचार केला. "रस्ता रुंद केला ना? रस्ता रुंद झाला की वळणं बाहेरून घ्यावी लागतात. अंतर वाढणारच."

मामाजींनी मान डोलावली.

"अन् ते किलोमीटरचे दगड?" सुनंदा. "त्यावर तर वीसच हाय."

"रस्ता वाढवला. दगड कोण हलवतो?"

"निजामाच्या टायमाचे दगड हायेत ते," मामाजींनी दुजोरा दिला. (दगड मागच्या वर्षी बसवले होते. ते बसवताना मामाजी तिथं उभे होते!)

मग एकदा मीटरवर साठचा वेग असताना अकरा माणसं आणि एक बकरी घेतलेली ऑटो आमच्या पुढं निघून गेली. बकरीनं वळून पाहिलं. "ऑटोवाले बेफाम झालेत हल्ली," मी म्हणालो. इंजिन तर इतकं ओरडायचं की केबिनमध्ये बोलायचं तर खाणाखुणा कराव्या लागत. "आवाज हाय, पण ओढते मातर मस्त!" भास्कर खुणेनंच सांगायचा. हे मात्र खरं होतं. कापसाचं भरलेलं ओझं घेऊन ती चढ असा चढायची की बघत राहावं. पंपावर आधीपेक्षा जास्त वेळा जावं लागतं, हेही त्याच्या लक्षात आलेलं असणार. पण जावयाचे बारा सोडून पंपाचं कोण ऐकतो?

पाहण्याचा दिवस उजाडला. अकराला पोचायचं होतं. काका वेळेचे पक्के आहेत असं ऐकून होतो. रस्ता त्यांनी फोनवर नीट सांगितला होता : "कागजनगर सोडलं का मीटर पाहा. बराबर बेचाळीसवर उजव्या हाताले वळा. पुढं जंगल हाय, फोन लागत नाही." केबिनमध्ये भास्कर, मी आणि मामाजी. मागं गादी टाकून सासूबाई, सुनंदा, साडी, नारळ आणि पेढे.

साठच्या वेगानं (मीटरच्या) जायचं धरून मी वेळ काढली होती, त्यामुळं कागजनगरलाच आम्हाला उशीर झाला. पुढं मी मीटरवरून नजर हलवली नाही. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस! आणि उजव्या हाताला एक बैलगाडीची वाट होतीच. (जंगलात उजव्या हाताला कुठं ना कुठं वाट असतेच.)

"इथं नसन वाटते, भाऊजी..."

"मीटर खोटं बोलत नाही. वळ!"

दोनेक किलोमीटरवर एक घर लागलं. अंगणात मांडव, चुलीवर मोठाली पातेली, पन्नासेक माणसं. "नुसतं पाहायला आलो तर मांडव घातला!" मी हरखून म्हणालो. "भास्कर, तुझं काम झालं म्हणून समज."

डोक्याचा चकोट केलेला एक तरुण पुढं आला. "या, बसा," म्हणाला. मी सुनंदाच्या कानात सांगितलं, "मुलीचा भाऊ. तिरुपतीला जाऊन आलेला दिसतो." आमच्याकडं अर्धा जिल्हा तिरुपतीला केस देऊन येतो, त्यामुळं मला काही वाटलं नाही. त्याच्या मागून आणखी दोन चकोट आले. "अख्खं घरच जाऊन आलं. भाविक माणसं!"

आम्हाला पाटावर बसवलं. पुढ्यात पत्रावळी आल्या. कोण, कुठले, कुणी विचारलं नाही. आधीच उशीर झालेला, म्हणून मी घसा खाकरला.

"आता वेळ न दवडता मुलीला बोलवा."

तरुण गोंधळला. "बहिणीले? ते आतमंदी रडून राह्यली जी."

"आत्तापासूनच?" मी हसत म्हणालो. "अजून तर काहीच ठरलं नाही!"

सुनंदानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पेढ्याचा पुडा हातातून पडला. तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं एका आजीबाईंचा फोटो होता, फोटोला ताजा हार होता, पुढं दिवा होता.

"अवो, तेरवी हाय ही!"

मी जन्मात इतक्या वेगानं हात जोडलेले नाहीत. आम्ही पाचही जणांनी फोटोला नमस्कार केला. सासूबाईंना तर खरंच रडू आलं. (भास्करच्या काळजीनं, पण ते तिथं खपून गेलं.) त्या भल्या माणसांनी आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही, आणि मग सांगितलं की आम्हाला हवं ते वळण मोठ्या रस्त्यावर अजून सहा किलोमीटर समोर आहे.

मुलीच्या घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. काका घड्याळ हातात घेऊन ओट्यावर बसले होते. पोहे दगड झाले होते. अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो.

"तुम्ही अंतर चुकीचं सांगितलंत," मी म्हणालो.

"चाळीस वर्सं झाली, बेचाळीसच हाय जी ते," काका कोरडेपणानं म्हणाले.

मुलगी चहा घेऊन आली. वैशाली नाव. घरचा ट्रॅक्टर तीच चालवते आणि बिघडला तर तीच खोलते, असं काकांनी सांगितलं. ती समोर बसली. भास्कर नव्या शर्टात घामानं भिजला होता. वैशालीनं त्याला एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या घरून आदिलाबाद किती हाय?"

भास्करनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर मामाजींनी दिलं.

"आधी वीस होतं."

"आधी?"

"आता साडेतेवीस हाय. जवाईबापूनं समजावून सांगितलं."

वैशालीनं कप खाली ठेवला. "हौसिंग खोललं होतं का?"

"आठ-त्रेचाळीस टाकलं," भास्कर पुटपुटला.

"अन् मीटरची वायर गिअरबॉक्सवरून येते ना? मंग मीटर चाक मोजतच नाही, गिअरबॉक्स अन् हौसिंगच्या मधला शाफ्ट मोजते. आता चाकाच्या एका फेऱ्याले शाफ्ट जास्त फिरते, म्हणून मीटर जास्त पळते. आदिलाबाद जागेवरच हाय." तिनं एकदा छताकडं पाहिलं. "तुमचे बारा म्हंजे खरे दहा. आधी अकरा होते ना?"

गणिताचा प्राध्यापक म्हणून मी तिचं उत्तर मनातल्या मनात तपासलं. बरोबर होतं. मला तिच्यापेक्षा चौपट वेळ लागला.

काका उठून उभे राहिले. "म्हंजे बारा सांगून दहाची गाडी दाखवून राह्यले आमाले?"

सासूबाईंनी साडीची पिशवी मांडीवर ओढून घेतली. आठवा नकार दारात येऊन उभा होता. तेवढ्यात भास्कर उठला.

"चूक माही हाय जी. गाडी माही, बदललं मीच. अन् फोनवर बारा सांगितले तेही मीच सांगाले लावले."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. लग्न डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं, आणि हा बाबा जावयाची लाज राखत बसला होता! मला इतकी शरम वाटली की बसवेना.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणालो. "चूक माझी. मिस्त्री नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही."

"नाही नाही, जवाईबापूचं बराबरच..." मामाजींनी सवयीनं सुरुवात केली.

"चुकलंय मामाजी! माझं चुकलंय!"

"चुकलंच हाय," मामाजी लगेच म्हणाले. माझं वाक्य खोडायची त्यांना सवय नव्हती.

वैशाली खुदकन हसली. मग ती आणि काका आत गेले. बाहेर आम्ही पाचही जणांनी ते दगड झालेले पोहे खाल्ले. काका परत आले तेव्हा त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं.

"पोरीले पोरगा पसंत हाय. जो दुसऱ्याची चूक आंगावर घेते, तो घरच्याची काऊन घेणार नाही, म्हणते. पण तिची एक अट हाय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. वैशाली दारात उभी होती.

"लग्न झाल्यावर जवाईबापूनं गाडीच्या बाबतीत सल्ला द्यायचा नाही."

मला वाटलं, आता माझ्या बाजूनं कुणीतरी चार शब्द बोलेल. निदान आढेवेढे घेईल. बारा वर्षांचा आदर होता, चेष्टा नाही!

"मंजूर!" मामाजी म्हणाले. "मंजूर!" सासूबाई म्हणाल्या. भास्करनं तर नारळच फोडला.

राहता राहिली सुनंदा. मी मोठ्या आशेनं तिच्याकडं वळलो. तिनं हात वर केला होता. अट तिला मंजूरच होती, फक्त त्यातलं 'गाडीच्या बाबतीत' तेवढं गाळावं, अशी तिची दुरुस्ती होती.