पलीकडच्या भिंतीवरचा हात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. सगळी नोकरी जलशुद्धीकरणात केली, पाणी गढूळ का झालं हे सांगायचाच पगार घेतला. तरीही हे लिहितोय, कारण दादा आता नाही आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. दादाच्या कंपनीला परदेशी भागीदार मिळाला आणि दादाने फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये बंगला बांधला – मागे चक्क स्विमिंग पूल! आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बादल्या भरून ठेवणारे. मी वहिनीला चिडवायचो, "तुमचं काय बुवा, गंगाच दारात!" खरं तर ती पाण्याला जाम घाबरायची. पण हट्टाने रोज उतरायची, छातीभर पाण्यात कडेचा पाइप धरून चालायची. एकदा पाइप सोडून पलीकडची भिंत गाठायची, एवढंच तिला हवं होतं. दादाला म्हणायची, "तुम्ही पलीकडे उभे राहा, मग मी सोडते हात."

"बिल्कुल. या संडेला पक्कं," दादा म्हणायचा. रविवारी हमखास ऑफिसचा फोन यायचा. असे दोन उन्हाळे गेले. मग जानेवारीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि वहिनी गेली.

एप्रिलपर्यंत पूल शेवाळाने हिरवागार. दादा म्हणाला, "माती टाकून बुजवून टाकतो यार." मी म्हटलं, आधी साफ करू, मग ठरव. शनिवारी संध्याकाळी ब्लीचिंग पावडर टाकली, तुरटी फिरवली. टँकरचं पाणी आलं की वहिनी पिंपात अशीच तुरटी फिरवायची – कधीतरी दारात सापडून वाकडी झालेली उजवी करंगळी बाहेर काढून. पंप बंद ठेवला. मेलेलं शेवाळ रात्रभरात तळाशी बसतं, ते सकाळी नळीने ओढून काढायचं आणि भिंती मग घासायच्या.

सकाळी पाणी निवळलं होतं. तळाला हिरव्या गाळाचा थर... आणि त्यात पावलं. लहान, बायकी. शिडीपासून पाइपच्या कडेकडेने अर्ध्या पूलपर्यंत. तिथे संपलेली. पुढे गाळ कोरा, परतीचं एकही पाऊल नाही. आणि पलीकडच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेशी, शेवाळात एक हात उमटलेला. उजवा. करंगळी वाकडी.

फाटकाला कुलूप होतं, घरात आम्ही दोघंच, काठ कोरडा ठणठणीत. शिवाय त्या गाळात कुणी उतरलं की तो ढवळला जातो, ठसा राहतच नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

दादाला हाक मारली. त्याने ते पाहिलं आणि झब्ब्या-पायजम्यासकट पाण्यात उतरला. पाणी पुन्हा हिरवं झालं, पावलं गेली. भिंतीपाशी जाऊन त्याने त्या हातावर आपला हात ठेवला.

"गाठली रे तिने," तो म्हणाला. "मीच नव्हतो."

आई गेली तेव्हाही न रडलेला माझा भाऊ त्या पाण्यात उभा राहून रडला.

भिंती मी घासल्या, तेवढी वीतभर जागा सोडून. आठवड्याभरात तिथलंही शेवाळ आपोआप गेलं. आज इतक्या वर्षांनीही मला याचं उत्तर सापडलेलं नाही – शोधलं नाही असं नाही. पूल बुजवला नाही. बंगला विकेपर्यंत दादा दर रविवारी सकाळी फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचा आणि त्या भिंतीला पाठ लावून पाण्यात उभा राहायचा.