वर नुसते दगड आहेत

रविवारी नातू बायकोमुलांना घेऊन अकोले तालुक्यातल्या एका गडावर गेला होता. संध्याकाळी ग्रुपवर चौतीस फोटो आले... आणि नातसून एकाही फोटोत नाही!

मला वाटलं, फोटो तीच काढत असेल. फोन करून विचारलं, तर नातू म्हणाला, ती पायथ्याशी बॅगांजवळ थांबली होती. "तिला नाही गं आजी आवडत चढायला."

माझं डोकंच फिरलं. नव्वदीला टेकलेल्या बाईने एवढं चिडू नये म्हणतात... पण हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. याच गोड आवाजात.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या थंडीतली गोष्ट. मी अकरा वर्षांची. आम्ही नगरला राहायचो आणि दर थंडीत एका रविवारी बैलगाडी ठरवून चांदबिबी महालाला जायचो... मी, थोरला अण्णा, धाकटा बाळू, आई आणि आमचे वडील, म्हणजे दादा.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडली की आई तीन दगड मांडून चूल पेटवायची. आम्ही दादांबरोबर पायवाटेने वर. दोन तास हुंदडून खाली यायचं तर भरीत, भाकरी, खिचडी तयार!

आई कधीच वर आली नाही. "तिला नाही आवडत चढायला," दादा गोड आवाजात सांगायचे. चुलीपाशी कुणीतरी हवं, सामान कुणीतरी बघायला हवं. शिवाय महालात जुनी कबर, तिथे सवाष्णीने जाऊ नये... हे दादांचं तोंडी लावायला. गाडीवान तिथेच बैलांशेजारी घोरत पडलेला असायचा, तो सामान बघू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि हा महाल आईला रोज दिसायचा हो! मागच्या दारी भांडी घासायला बसली की समोर लांब डोंगरावर तोच. राखेचा हात तसाच ठेवून कितीदा तरी बघत बसलेली मी पाहिलीय तिला.

पहिल्या वर्षी उतरतानाच दादांनी आम्हाला बजावलं होतं. आईने विचारलं तर सांगायचं, वर काही नाही, नुसते दगड आहेत. उगाच तिच्या जिवाला हुरहूर नको.

आम्ही पढवलेल्या पोपटासारखे तेच सांगायचो. मी तर नाक मुरडून सांगायची... आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तर त्या वर्षी गाडीतून उतरल्यावर दादा मला म्हणाले, "शकू, तू आता मोठी झालीस. आईच्या हाताखाली थांब."

अण्णा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो मात्र खाली थांबण्याएवढा मोठा झाला नव्हता! सहा वर्षांच्या बाळूला खांद्यावर घेऊन दादा आणि अण्णा गेलेसुद्धा, आणि मी पायवाटेकडे बघत दात ओठ खात बसले.

आई निखाऱ्यावर वांगी भाजत होती. माझं रडं बघून समजुतीने म्हणाली, "आगं, कशाला रडतीस शके? तूच म्हंतीस न्हवं, वर नुसते दगड हायेत म्हून?"

माझा तोल गेला. "खोटं होतं ते!" मी किंचाळलेच. "दादांनी सांगायला लावलं होतं. वर तीन मजले आहेत, भणाण वारा आहे, सगळं नगर दिसतं... भुईकोट किल्लासुद्धा!"

हातातलं वांगं आईने पुन्हा निखाऱ्यावर ठेवलं, हात पुसले, पदर खोचला आणि गाडीवानाला हाक मारली. "भाऊ, जरा ध्यान ठिवा. आमी आलोच."

नऊवारीत ती इतक्या झपाझपा चढली की मला धाप लागली. अरुंद दगडी जिन्याने वर पोचलो, तर दादा समोरच उभे. त्यांच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? "स्वयंपाक?"

"तुमी बघा जावा," आई म्हणाली. "मी जरा नगर बघती."

कमानीत उभं राहून तिने खूप वेळ बघितलं. मला विचारून विचारून आमच्या आळीची दिशा शोधली. "माजं मागलं दार कंच्या अंगाला?" एवढ्या लांबून दार कुठलं दिसायला! मी आपलं बोट दाखवलं, आणि ती तिकडेच बघत राहिली... डोळे भरून आले होते तिचे.

मला वाटलं, आता दादांना खडसावेल. दादांकडे तिने पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांचं सोड, शके. पर तू तर माजी हुतीस न्हवं?"

एवढंच. मला कुणी फोडून काढलं असतं तर बरं झालं असतं.

खाली आलो तर वांग्यांचा कोळसा झालेला. दादांनी मुकाट्याने भाकरी ठेच्याशी खाल्ली. पुढच्या वर्षीपासून ती सहलच बंद झाली... दादांना वेळ नव्हता म्हणे! आई पुन्हा कधी तिथे गेली नाही.

नातवाचा फोन ठेवल्यावर नातसुनेला लावला. तुला खरंच चढायला आवडत नाही का, म्हणून विचारलं. ती हसली, म्हणाली, "जाऊ द्या हो आजी, वर काही विशेष नव्हतंच म्हणे..."

कोण म्हणालं, विचारलं. तर आमची आठ वर्षांची पणती!

तेव्हा हे एका बोटाने टाईप करतेय, नातवानेही वाचावं म्हणूनच. येत्या रविवारी पुन्हा त्याच गडावर जायचं. गाडीत पुढच्या सीटवर मी बसणार आणि पायथ्याशी बॅगाही मीच सांभाळणार... नातसून वर जाईल, आणि वर काय काय आहे ते तिने स्वतः खाली येऊन मला सांगायचं.