कोचीनच्या खोलीतला केर

क्रूझची तिकिटं मीच काढली. साताऱ्यात माझा केटरिंगचा धंदा आहे. लग्नसराई संपली की थोडी उसंत मिळते. आई आयुष्यात हौस म्हणून कुठं गेलेली नाही. गुडघे साथ देतायत तोवर तिला एकदा जहाजात बसवावं, एवढाच विचार होता. मुंबईहून निघायचं, मधे एक दिवस कोचीला थांबायचं, परत मुंबई. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वाटंत कोचीन हाय नव्हं? मग येती."

मला वाटलं, तिला समुद्राची हौस आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं. तिकडची कितीतरी गावं गलाईवर उभी राहिली. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचं काम. सराफ मोडीचे दागिने आणून देतात, गलाईवाला ते मुशीत वितळवतो, अॅसिडात उकळून भेसळ काढतो आणि चोख सोनं परत देतो. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात आमच्याकडचा कुणीतरी भट्टीपुढं बसलेला सापडेल. गावात घरं ओळखतात तीही त्या शहरांवरून. कानपूरवाले, मदुराईवाले, कटकवाले. आम्ही कोचीनवाले. शहराचं नाव बदलून कोची झालं, आमचं बदललं नाही.

वडिलांनी सगळी उमेद तिथं घालवली. आई मात्र त्यांच्याजवळ राहिली ती लग्नानंतरची मोजकी वर्षं. मी शाळेच्या वयाची झाले तशी तिची माझ्यासकट गावाकडं रवानगी झाली. मुलांनी मराठी शाळेत जायचं, शेताकडं बघायला घरचं माणूस हवं, अशी रीतच होती. पुढं वडील यायचे ते यात्रेला आणि दिवाळीला. केळ्याचे वेफर्स आणि काळी मिरी घेऊन यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, पिशवी भरून जायचे. ते वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. म्हणजे आईचा नवऱ्याबरोबर सलग संसार झाला तो त्या कोचीनच्या खोलीतच. हे इतकं सरळ असूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

जहाजावर आईचं मन रमेना. "पाण्यात बघायचं काय? हितं तसंच तिथं." जेवणाची रांग बघून तिनं मला विचारलं, "तुझ्याकडंबी असं वाया घालवत्यात व्हय गं?" मी म्हटलं, माझ्याकडं घालवलं तर आचाऱ्याला घरी पाठवीन.

कोची येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. सकाळी उतरायचं, चार वाजता जहाजावर परत. त्यात चिनी पद्धतीची मासेमारीची जाळी, जुनं चर्च, राजवाडा, मसाल्यांचा बाजार. चारशे पानांची पंगत वेळेत उठवणाऱ्या बाईला हे अवघड नव्हतं.

"तू ये बघून," आई म्हणाली. "मला आपली खोली बघायची हाय."

"कुठली खोली?"

"आपली. दुसरी कुठली?"

"आई, पत्ता आहे का?"

"पत्र दुकानावर यायचं, मला काय करायचा पत्ता? खाली दुकान, वर खोली. खिडकीतनं जहाजं दिसायची."

"बंदराचं गाव आहे ते. जिकडं तिकडं खिडकीतून जहाजंच दिसत असतील."

"मग सोपंच हाय की."

त्यासाठीच ती आली होती. मी चिनी जाळी रद्द केली. चर्च मात्र मनातल्या मनात शिल्लक ठेवलं.

सकाळी बंदराबाहेर रिक्षा केली. रिक्षावाल्याला हिंदीत सांगितलं, जुना सोन्याचा बाजार. पूल ओलांडून त्यानं आम्हाला एका अरुंद रस्त्याला सोडलं. आई चार पावलं चालली आणि थांबली. "ही मशीद व्हती. पर हिच्यासमोर एवढी दुकानं नव्हती." मग पुढं गेली, परत आली, परत पुढं गेली. ऊन चढलं होतं. प्रत्येक बोळ तिला आपला वाटायचा आणि आत गेल्यावर परका निघायचा. दोन तास असेच गेले. तिचा चेहरा उतरत चालला तसं मी घड्याळ बघणं बंद केलं. मग मला उशिरा का होईना, अक्कल सुचली. एका सराफाच्या दुकानात शिरून मी विचारलं, इथं गलाईवाला मराठी माणूस कुठं बसतो? त्यानं हातानं मागचा बोळ दाखवला.

बोळाच्या तोंडालाच अॅसिडचा वास आला. नाकात शिरून घशाला चावणारा. आईनं पदर नाकाला लावला नाही. भट्टीपुढं चाळिशीचा एक माणूस बसला होता, शर्टाला अॅसिडच्या थेंबांनी पडलेली भोकं. आमचं बोलणं ऐकून त्यानं मान वर केली.

"आवं, कुठल्या म्हणायच्या तुमी?"

आईनं गाव सांगितलं.

"कुणाच्यातल्या?"

"कोचीनवाल्यांच्या."

"आवं काकी, हितं समदीच कोचीनवाली हायती," तो हसला. मग आईनं वडिलांचं नाव घेतलं, तसा तो उठून उभा राहिला. त्याच्या चुलत्यानं आमच्या वडिलांकडं काम शिकलं होतं. आईनं लगेच आपल्या खोलीचं विचारलं. "खोली व्हय? हाय की. मागल्या गल्लीत पिवळी इमारत. आता तिथं पाव्हणं उतरत्यात, फॉरेनचं. पर चा घेतल्याबिगर सोडत न्हाई."

"जहाज सुटेल आमचं," मी म्हटलं.

"सुटंना का. मुक्काम करा. गावाकडं जाताना मी घालतो गाडीत."

चहा घ्यावाच लागला. मुशीत कुणाचं तरी सोनं असल्यानं त्याला हलता येईना. त्यानं दारातूनच वाट दाखवली.

पिवळ्या इमारतीत खाली कॉफीचं दुकान झालं होतं, कोपऱ्यात एक टेबल, त्यामागं एक तरुण बाई. मी हिंदी-इंग्रजीत सांगितलं, आईला वरची पुढची खोली बघायची आहे, ती इथं राहायची. बाईनं नम्रपणे नकार दिला. खोली आत्ताच साफ केली आहे, संध्याकाळी पाहुणे येणार आहेत, नुसतं बघायला कुणाला सोडत नाहीत. आईला भाषा कळली नाही, मान हललेली कळली. ती जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी होती. कठडा जुनाच होता.

"संध्याकाळपर्यंत रिकामी आहे ना?" मी म्हटलं. "मग मी भाड्यानं घेते."

"किती रात्री?"

"रात्र नको. दोन तास."

दोन बायका, सामान नाही, दोन तासांसाठी खोली. बाईनं आमच्याकडं नीट पाहिलं. आधार कार्डं मागितली. मी भाडं दिलं आणि वर, "बरोबर एक झाडू पाठवा," असं सांगितलं, कारण आईनं मला तेवढ्यात कोपरानं ढोसलं होतं आणि कानात म्हणाली होती, "केरसुणी माग."

खोलीत एसी, पांढरी चादर, भिंतीवर होडीचं चित्र. आमचं म्हणता येईल असं फक्त छत आणि खिडकी. आईनं सगळीकडून एकदा नजर फिरवली आणि पदर खोचला.

"पाय वर घे," ती म्हणाली.

मी पन्नाशीची बाई पलंगावर मांडी घालून बसले. आणि मला आठवलं, अगदी असंच. खाली भट्टी होती. वडील वर यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांतून, केसांतून, तळपायांतून सोन्याचा बारीक कण पडायचा. म्हणून खोलीतला केर कधी टाकला जात नसे. केर काढून होईपर्यंत मी पलंगावरून उतरायचं नाही, माझ्या पायाला लागून बाहेर जाईल. दुकानातला केर धंद्याचा, वरच्या खोलीतला तुझा, असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. ती तो डब्यात साठवायची आणि दिवाळीच्या आधी वडील तो जाळून, धुऊन, त्यातलं काय निघेल ते तिला द्यायचे. तिच्या काळ्या पोतीत मधोमध एक सोन्याचा मणी आहे, तो त्या केराचा. बाकीचं सोनं पुढं माझ्या लग्नात मोडलं, मणी मोडला नाही.

साफ केलेल्या खोलीतून केर निघून निघून किती निघणार? पण तिनं पलंगाखालून, दाराच्या फटीतून चिमूटभर काढलाच. तो कागदात बांधला, पिशवीत टाकला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाडीपलीकडं गोदामांच्या छपरांवर आमच्या जहाजाचे वरचे मजले दिसत होते.

"तुझा बा दुकानात असला की मी हितं उभी राहायची," ती म्हणाली. "वाटायचं, यात बसून लोकं कुठं जात असतील."

"मग कळलं का आता?"

"व्हय. कुठं न्हाई. जेवत्यात नुसती."

मग ती पलंगावर आडवी झाली आणि झोपली. गाढ. मी चर्च सोडून दिलं. आचाऱ्याचे दोन फोन आले, ते जिन्यात जाऊन घेतले. वेळ झाल्यावर तिला उठवलं तेव्हा ती क्षणभर माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी एवढी मोठी कशी झाले.

जाताना ती पुन्हा गलाईवाल्याच्या दारात थांबली. पुडी त्याच्यापुढं धरली. "वरल्या खोलीतला हाय."

मला वाटलं, आता हा हसणार. त्यानं पुडी उघडून बोटानं पाहिलं. "काकी, एकट्यानं यातनं काय निघायचं न्हाई. आमच्यात मिसळतो." कोपऱ्यातल्या केराच्या डब्याचं झाकण काढून त्यानं पुडी त्यात रिकामी केली. "दिवाळीला समदं धुवायला काढतो. तुमचंबी धुऊन निघंल."

आईनं डब्यात वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

जहाजावर शेजारच्या केबिनमधल्या बाईनं जाळ्यांचे, चर्चचे फोटो दाखवले. तुम्ही काय काय पाहिलंत, म्हणून विचारलं. आई म्हणाली, "घरी जाऊन आलो."

परवा तिचा फोन आला. ज्वारीचं, पाण्याचं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "यंदा दिवाळी कवा हाय गं?" जिच्या भिंतीवर मी दरवर्षी नवं कॅलेंडर लावून येते, ती विचारत होती. मी उठून बघितलं आणि सांगितलं.