नाव न घेता

त्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना करावी तर लाँड्रीवाल्यांच्या थोरल्या सुनेनं, असं सगळेच म्हणत. थोरलीचंही तेच मत होतं, फक्त ती ते तोंडानं बोलून दाखवत नसे. आणि खोटं कशाला बोला, बाईला ते देवाचं देणं होतंच. ती उभी राहिली की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आधीच रुमाल काढून ठेवायच्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला लागली, की धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटावं. तिचा नवरा म्हणायचा, देवाला ऐकू कमी येतं असा हिचा समज आहे. म्हणायचा खरा, पण डोळे तोही पुसायचा.

तिचे वडील चर्चची राखण करायचे. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, झाडलोट. बाकांच्या मधून केर काढता काढता ही गीतं पाठ करत मोठी झाली. शाळा लवकर सुटली, लग्न लवकर झालं, आणि ती आली ती थेट वाफेच्या घरात. वर राहायच्या खोल्या, खाली दुकान. पुढे गिऱ्हाइकांचा काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, मग अंग. दुसऱ्यांच्या शर्टांना सरळ करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. दुकान नवऱ्याचं, घर सासऱ्यांचं, आणि एकुलती लेक लग्न करून लांब गेलेली. माझं म्हणून बोट दाखवावं असं तिच्याकडे एकच होतं: शुक्रवार दुपारचं भगिनी मंडळ, आणि त्या मंडळातली पुढची खुर्ची.

मंडळात आधी विनंत्या होत. जिच्या मनावर जे ओझं असेल ते तिनं सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. विनंती दुसऱ्या कुणासाठी असेल तर नाव घ्यायचं नाही, हा नियम थोरलीनंच घालून दिलेला. त्याआधी विनंत्यांच्या नावाखाली तिथे अख्ख्या मंडळीची धुणी धुतली जायची, आणि धुणं तिला दुकानात पुरेसं होतं.

आता धाकटी. धाकटी म्हणजे दिराची बायको. घरात आली तेव्हा आवाज इतका बारीक, की गिऱ्हाईक काउंटरवर पुढे वाकून ‘काय म्हणालात?’ विचारायचं. थोरलीनंच तिला इस्त्री शिकवली, भाजलेल्या बोटाला मलम लावलं, सासूच्या बोलण्यापासून वाचवलं. धाकटीला मूल झालं आणि आठवडाभरात गेलं, तेव्हा त्या इवल्याशा झबल्याला इस्त्री करून ते त्याच्या अंगात घातलं तेही थोरलीनंच. हे सगळं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला एकदम वाईटच ठरवाल.

त्यानंतर केव्हातरी दुपारी, दुकानात दोघीच असताना, धाकटी म्हणाली, “ताई, मला प्रार्थना येत नाही हो आता. डोळे मिटते, आणि आत काहीच नसतं.” थोरलीनं इस्त्री उभी करून ठेवली, तिला जवळ घेतलं, आणि ही गोष्ट पोटात ठेवली. नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही.

पुढे धाकटीनं एक नवीनच सुरू केलं. कुणी आजारी आहे असं कळलं, की हातातलं काम संपवून तिथे जायची आणि बसायची. बस, बसायची. पाणी दे, उशी सरळ कर, नाहीतर नुसतीच बस. थोरलीला आधी बरं वाटलं; चला, पोरगी माणसांत यायला लागली. बरं वाटेनासं झालं ते बेकरीवालीच्या ऑपरेशनपासून. थोरली सगळ्या मंडळाला घेऊन दवाखान्यात गेली, अशी काही प्रार्थना केली की शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा रडली. आणि निघताना बेकरीवाली हळूच काय म्हणते, तर “धाकटीला पाठवाल का संध्याकाळी?”

थोरली हसून ‘हो’ म्हणाली. घरी येईपर्यंत नुसता तिळपापड. एवढा घसा कोरडा केला मी, आणि हिला हवी कोण, तर जी तोंड उघडत नाही ती! त्या दिवसापासून तिला धाकटीचं सगळंच खुपायला लागलं. धाकटीचं हळू बोलणं, हळू चालणं, कुणी कौतुक केलं की मान खाली घालणं. ‘मुद्दाम करते’, थोरली नवऱ्याला म्हणायची. नवरा म्हणायचा, मुद्दाम मान खाली घालायला काय कष्ट पडतात, तूही घाल. त्यावर त्याला जेवण जरा आदळूनच मिळायचं.

त्यातच चर्चला नवीन पाळक आले. तरुण, चष्मेवाले, बोलण्यापेक्षा ऐकणारे. एका उपदेशात ते म्हणाले, की आपल्या मंडळीत एक बहीण अशी आहे जिच्याजवळ बसलं की मन हलकं होतं, सेवा म्हणतात ती हीच. थोरलीनं नम्रपणे डोळे खाली केले. जरा वेळानं सहज वर पाहिलं, तर सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळलेल्या, धाकटीकडे. आपण कशासाठी लाजलो हे कुणी पाहिलं तर नाही ना, या विचारानं तिला पुढचा उपदेश ऐकूच आला नाही.

आणि मग पाळकांनी जाहीर केलं, की भगिनी मंडळाची प्रमुख कोण हे येत्या रविवारी ठरेल. तोवर ते सगळ्या बहिणींशी बोलून घेतील. इतकी वर्षं हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. ती खुर्ची थोरलीचीच, हे भिंतीइतकं पक्कं होतं. आठवडाभर ती कान टवकारून होती. गिऱ्हाइकांच्या बोलण्यात धाकटीचं नाव, बेकरीत धाकटीचं नाव. इस्त्रीखाली एक पांढरा शर्ट पिवळा पडला, तसा तिच्या हातून आयुष्यात कधी पडला नव्हता. समोरच्या टेबलावर धाकटी शांतपणे बाह्या दुमडत होती. तिला काहीच कसं वाटत नाही, याचाही थोरलीला राग आला.

शुक्रवार उजाडला. विनंत्या सुरू झाल्या: कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचा गुडघा. शेवटी थोरली उभी राहिली. असं बोलायचं हे तिनं आधी ठरवलं होतं की नाही, ते तिचं तिला माहीत. मला विचाराल तर अर्धं ठरवलं होतं आणि अर्धं जिभेनं परस्पर केलं. ती म्हणाली, “एका बहिणीसाठी विनंती आहे. नाव घेत नाही. तिचा विश्वास पार आटलाय. कित्येक वर्षांत तिनं प्रार्थना केलेली नाही. लोकांच्या घरी सेवेला जाते, पण आतून कोरडी आहे. माझ्याच घरातली आहे, म्हणून जीव तुटतो.”

नाव घेतलं नाही, नियम पाळला! त्या घरात बायका दोनच, सासू केव्हाच देवाघरी गेलेली, आणि दोघींपैकी एक समोर उभी राहून बोलत होती. आता उरली ती कोण, हे कळायला काय पंचांची सभा बोलवायची? एकीनंही मान वळवली नाही. मागच्या उपदेशाच्या वेळी सगळ्या वळल्या होत्या, आज सगळ्या आपापल्या मांडीकडे बघत बसल्या. थोरलीनं डोळे मिटले आणि त्या आटलेल्या बहिणीसाठी लांबलचक, सुंदर प्रार्थना केली. एकही रुमाल बाहेर आला नाही. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तेव्हा धाकटी जागेवरच होती, हात मांडीवर, चेहरा धुतल्यासारखा पांढरा. मग ती उठली, सगळ्यांच्या चहाचे कप गोळा केले, नेहमीसारखे विसळले आणि घरी गेली.

शनिवारी पाळकसाहेब दुकानात आले. रविवारच्या उपासनेचा त्यांचा झगा थोरलीच इस्त्री करायची, तो न्यायला. काउंटरवर उभे राहिले, झगा हातात घेतला, पण जाईनात. शेवटी म्हणाले, “बाई, कालचं माझ्या कानावर आलं. तुम्हाला एक सांगायला हवं. धाकट्या बाई बुधवारी माझ्याकडे आल्या होत्या. प्रमुख व्हा असं मीच त्यांना म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, मूल गेल्यापासून मला प्रार्थना येत नाही. माझ्या जाऊबाईंना येते. माझ्या वाट्याचीही त्याच करतात, म्हणून माझं चाललंय. त्यांनाच राहू द्या.”

 थोरलीनं विचारलं, अगदी हळू, आता काय करणार म्हणून.

“आज सकाळी पुन्हा विचारलं त्यांना. म्हणाल्या, बुधवारी सांगितलं तेच. म्हणून उद्या तुमचंच नाव घेणार आहे.”

म्हणजे बघा, सुंठीवाचून खोकला जाणारच होता. दोन दिवस जीभ आवरली असती तर खुर्चीही राहिली असती आणि माणूसही. पण एवढं कळूनही थोरलीला आधी काय वाटलं असेल? लाज वाटली, ती नंतर. आधी राग आला. एवढं मोठं मन दाखवायची काय गरज होती हिला? आता ही खुर्ची माझी नाही, हिनं दिलेली. चांगुलपणातही हीच पुढे! मत्सर ही अशी चीज आहे, शरम वाटायला लागली तरी ती जागा सोडत नाही.

रविवारी पाळकांनी थोरलीचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मागच्या बाकावर धाकटीनंही वाजवल्या, ते थोरलीनं नीट बघून घेतलं.

मंडळ सुरू राहिलं. शुक्रवारी थोरली पुढच्या खुर्चीवर बसून विचारायची, कुणाची काही विनंती? बायका सांगायच्या. परीक्षा आहे. प्रवास आहे. सर्दी आहे. थोरली सर्दीसाठी प्रार्थना करायची. नवऱ्याचं, सुनेचं, मनातल्या भीतीचं कुणी अवाक्षर काढत नसे. पाळकांची बायको, पाळकबाई, त्यासुद्धा दर वेळी हवापाण्यासाठीच विनंती करायच्या.

आणि दुकानाच्या मागच्या दारानं मात्र वर्दळ वाढली. कुणी एकच हातरुमाल इस्त्रीला घेऊन यायची, तोही आधीच इस्त्री केलेला. कुणी चांगल्या घट्ट बटणाचा शर्ट घेऊन यायची, बटण सैल झालंय म्हणून. मागच्या दाराशी धाकटी बटणं लावत बसायची, तिच्याशेजारी स्टुलावर या बसायच्या, आणि कुजबुज चालायची. थोरली वाफेच्या इस्त्रीमागून सगळं बघायची. जवळ गेलं की कुजबुज थांबायची. एकदा पाळकबाई आल्या, आणि स्टुलावर बसून रडल्या. थोरलीचा जीव नुसता जळला. काय सांगितलं असेल? कुणासाठी रडली असेल? मला का नाही? आणि तिच्या लक्षात आलं, की तिचं स्वतःचंही एक सांगायचं आहे, लेकीचा फोन येईनासा झालाय, आणि ते ज्या एका माणसाला सांगावं असं वाटतं, तो माणूस त्या स्टुलाशेजारीच बसलेला आहे.

त्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. थोरली इस्त्री उभी करून मागच्या दाराशी गेली, स्टुलावर बसली. म्हणाली, चुकले मी. माझ्या पोटात दुखत होतं तुझ्यामुळं, म्हणून बोलले. विनंती नव्हती ती, चिमटा होता. एवढं तिनं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, देवाला म्हटलं असेल तर माहीत नाही.

धाकटी दोरा ओवत होती. “मी माफ केलंय ताई,” ती म्हणाली. “त्याच दिवशी, कप विसळताना.”

थोरलीला हुंदका फुटला. हलकं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिनं धाकटीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सवयीनं डोळे मिटले. “ये, आपण दोघी मिळून…”

धाकटीनं हात सोडवून घेतला. “नको ताई. माझ्यासाठी आता तुम्ही प्रार्थना करू नका.”

हे ती चिडून म्हणाली नाही. कपडे उद्या मिळतील असं गिऱ्हाइकाला सांगावं, तसं तिनं सांगितलं, आणि पुढचा शर्ट मांडीवर ओढून घेतला.