झाकण लावलेलं होतं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सांगावं असं घरात कुणी नाही म्हणा — बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण कुणी असतं तर सांगितलं असतं का? नसतं. तेव्हा एकटेपणाचं नाव पुढं करत नाही.

गोष्ट एका पंख्याची आहे. गाडीच्या छताला भोक पाडून बसवतात तसला पंखा — आतली गरम हवा वर ओढून बाहेर टाकतो. त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण असतं, आतून मूठ फिरवून उघडायचं, मिटायचं. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या गाडीत झोपायचं तर तो पाहिजेच.

गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन, माझी आणि मिलिंदची, दोघांत घेतलेली. मिलिंद देवगाव रंगारीला भूगोलाचा मास्तर. जन्मभर फळ्यावर गोदावरी काढली. रिटायर होऊन शहरात राहायला आला तेव्हा म्हणाला, आता ती उगमापासून समुद्रापर्यंत बघायची, तिच्या काठाकाठानं. मी वाळूजला एका कारखान्यात फिटर होतो. माझ्या हातात कसब होतं, जायला मात्र कुठं नव्हतं. सिडकोत माझ्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही गाडी लावली. आतली बाकं काढली, पलंग ठोकला, वायरिंग केलं. गाद्यांच्या खोळी सुनंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, शिवल्या. दुपारचा डबाही त्याच पाठवायच्या. बायको गेल्यापासून माझ्यासाठी कुणी डबा भरला नव्हता. हे कशाला सांगतोय? मी काय गमावलं ते सांगत नाही — त्या माणसांशी मी कसं वागलो ते कळावं म्हणून.

पंखा आपण उद्या मिळून बसवू, असं मिलिंद म्हणाला होता. मी थांबलो नाही. का? त्यानं यावं, बघावं, ‘तुझ्या हाताला तोड नाय’ म्हणावं — एवढ्यासाठी. छताचा पत्रा कापला, चौकट बसवली. व्हॅनचा पत्रा सपाट नसतो, त्याला उंचवटे असतात, चौकटीखालची फट सीलंटनं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लुकणानं, नीट भरावी लागते. मागच्या कोपऱ्यात एक फट राहिली. ती मला दिसली होती. दिसली होती. पण चौकट परत उचकटायची म्हणजे सगळं नव्यानं करायचं — आणि मिलिंद यायची वेळ झाली होती. वरून सीलंटचं बोट फिरवलं आणि खाली उतरलो. तो आला, आणि मला हवं होतं तेच म्हणाला.

पहिली फेरी आम्ही दोघांनीच काढली, वेरूळ, खुलताबाद, जवळचीच. संध्याकाळी परत आलो, गाडी प्लॉटवर लावली. मिलिंदनं मूठ फिरवून झाकण घट्ट लावलं. मी शेजारीच उभा होतो.

त्या रात्री अवकाळी पाऊस झाला, गारांसकट. सकाळी गाडीपाशी आधी मी पोचलो. दार उघडलं तर गाद्या भिजलेल्या, आणि मिलिंदनं शाईनं काढलेले गोदावरीचे नकाशे सगळे विरघळलेले. पाणी मागच्या कोपऱ्यातून अजून ठिबकत होतं. झाकण लावलेलं होतं. मिलिंद आणि वहिनी गल्लीच्या टोकाला दिसत होते.

मी हात वर केला आणि मूठ फिरवून झाकण उघडलं.

हेच ते. एवढंच करायला कितीसा वेळ लागतो?

मिलिंद आत आला. नकाशांकडं बघितलं, मग वर. “मी लावलं होतं ना रे झाकण?”

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, “नाय. उघडंच राहिलं.”

तो रागावला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं. तो खाली बसला. तुम्हाला एक गोष्ट अजून सांगितली नाही — त्याचे वडील शेवटी सगळं विसरले होते, याचं नावसुद्धा. त्या महिन्यात मिलिंद माझ्याकडं दोनदा चष्मा विसरला होता, आणि त्यावरून तो मनातून किती हादरला होता, ते त्यानं फक्त मला सांगितलं होतं. फक्त मला. मूठ फिरवताना मला हे आठवलं नव्हतं का? ‘नाय’ म्हणताना तरी आठवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी चौकट काढून फट नीट भरली. वर असतानाच मिलिंद आला, काय करतोस म्हणाला. धूळ पुसतोय म्हणालो. तेव्हाही वेळ होती.

वहिनींनी झाकणाचं नाशिकला मुलीच्या कानावर घातलं. तिनं त्याला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहेत. पण मिलिंदचा विश्वास बसेना. कुलूप लावून चार पावलं गेला की परत यायचा. गॅस बंद आहे का, पुन्हा पुन्हा बघायचा. मग गाडी चालवणं सोडलं. शेवटी मुलगी दोघांना नाशिकला घेऊन गेली. जाताना तो व्हॅनची चावी द्यायला आला. “तू जाऊन ये. माझ्या भरवशावर राहू नको,” तो म्हणाला. “माझा मलाच नाय राहिला.” मी चावी घेतली.

गेल्या पावसाळ्यात मी एकटा पैठणपर्यंत गेलो. रात्रभर धो धो पाऊस, आत थेंब आला नाही. पलंगाची दुसरी बाजू कोरडी, रिकामी. सकाळी नदीकडं न बघता गाडी वळवली. त्यानंतर ती बाहेर काढलेली नाही.

वहिनी सांगतात, मिलिंद आता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटा जात नाही. अजून काहीएक विसरलेला नाही तो. फोनवर माझा आवाज लगेच ओळखतो, जेवलास का विचारतो. मी जेवलो म्हणतो.

हे सगळं त्याला सांगायला पाहिजे होतं. मी तुम्हाला सांगितलं.