कांचनच्या पेटीचा गंधार

हेन्डरसनमधल्या फार्मसीत बावीस वर्षं औषधं देणाऱ्या कांचनला एक खोड होती: कानावर नवं काही पडलं की त्याचा छडा लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आईची औषधं न्यायला येणारा हेमी प्लंबर रांगेत उभ्या उभ्या फोनवर स्वतःचीच गाणी ऐकायचा. अमेरिकेतल्या जुन्या गावरान गाण्यांचं वळण, आवाजात जीव ओतलेला, आणि मागे कोणतं तरी वाद्य मींड घेत हुंदके द्यायचं. सारंगी म्हणावी तर सारंगी नाही. मग काय? शेवटी तिने गोळ्यांची पिशवी हातातच धरून ठेवली आणि विचारलं.

हेमी म्हणाला, शनिवारी सकाळी माझ्या गॅरेजमध्ये ये, आन्टी, बघच. अल्बम चाललाय. बोलता बोलता पेटीचा विषय निघाला. साठच्या दशकातल्या पॉप गाण्यांसारखा भात्याचा आवाज त्याला हवाच होता; पेटी घेऊनच ये, म्हणाला.

कांचन पेटी आपली आपण शिकलेली. इथल्या मराठी मंडळात तिला आरतीपुरती बोलवायचे; माइक गाणाऱ्यापुढे, पेटी खांबामागे. कुठेतरी एकदा ती नीट ऐकू यावी, एवढीच तिची हाव. मिरजेत कारागिराच्या डोक्यावर तीन दिवस बसून तिने ती काळी एकला, अगदी शुद्ध गंधारात लावून आणली होती. गिटारीच्या ठरलेल्या पडद्यांवरच्या, किंचित चढ्या गंधाराशी तिचं कसं जमेल, हा विचार मात्र डोक्यात आला नाही.

शनिवारी दोन गिटारी आणि पेटी एकदम सुरू झाल्या नि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. रेकॉर्डिंग करणारा लॅपटॉपवाला गोड आवाजात म्हणाला, जुनं वाद्य आहे, चालायचंच; नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करू.

"माझी पेटी बेसूर नाही," कांचन म्हणाली. "तुमच्या गिटारींचा गंधार चढा आहे."

तिला गाडीने घेऊन आलेली तिची मुलगी सानिका पुटपुटली, "मम, प्लीज." कांचनने भाता बंद करून कडी लावली. पेटी पुन्हा खांबामागे जाणार, तर ती स्वतःच नेईल.

कोपऱ्यात जॅण्डल, म्हणजे रबरी चपला, घातलेली सत्तरीची नोलीन बसली होती, मांडीवर आडवी गिटार. तिने विचारलं, कोणता सूर म्हणालीस? परत वाजव.

कांचनने कडी काढली, पट्टी दाबली. नोलीनने तारांवर लोखंडी सळई ठेवली, केसभर मागे सरकवली. दोन्ही सूर एक झाले. आणि हेमीच्या फोनमधला तोच हुंदका.

म्हणजे हे होय ते! कांचन राग जागच्या जागी विसरली. ती फरशीवर उकिडवी बसून तारा न्याहाळू लागली. पडदे कुठे आहेत? नुसत्या रंगवलेल्या रेषा?

"रेषा बघायला," नोलीन म्हणाली. "सूर कानानेच शोधायचा."

हेमीने दोन्ही गिटारी खाली ठेवायला लावल्या आणि घसा खाकरून काळी एकमध्ये गायला. आवाज पेटीच्या सुरात चपखल बसला. ते गाणं तिघांवरच झालं: पेटी, सळई आणि हेमी. लॅपटॉपवाल्याने गंधार सरळ करू का म्हणून विचारलं, तर हेमी म्हणाला, हात लावशील तर बघ.

चहा आला तेव्हा कांचन नोलीनच्या जागी बसून सळई ओढत होती. तारेतून मांजराची शेपटी चिरडल्यासारखा आवाज निघाला.

"आता बेसूर कोण, आन्टी?" हेमीने विचारलं.

कांचनने मान वर केली नाही. सळई केसभर मागे घेतली आणि पुन्हा ओढली.